बाबांना त्रास देऊ नको

पत्र: ताई, माझं नाव छापू नका. माझे बाबा सैन्यात होते. मी सहा वर्षांची असताना ते युद्धावर गेले आणि अकरा महिन्यांनी परत आले. हातपाय धड, कुठे जखम नाही, सगळे म्हणाले नशीब काढलंत. पण जे गेले ते बाबा परत आलेच नाहीत असं मला आजवर वाटत आलंय. रात्री तीन-तीनदा उठून दाराच्या कड्या तपासायचे, दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत, माझ्या हातातून पेन्सिल पडली तरी असे गर्रकन वळायचे की मी जागच्या जागी गार व्हायचे. मारलं कधीच नाही. पण बोललेही नाहीत. आईचं एकच वाक्य होतं, बाबांना त्रास देऊ नको. आई चार वर्षांपूर्वी गेली, बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि आता आमच्याकडे राहतात. मागच्या महिन्यात माझ्या ९ वर्षांच्या मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, आजोबा, तुम्ही युद्धात किती माणसं मारली? बाबा उठून बाहेर गेले ते दोन तासांनी आले आणि कोणाशी न बोलता अंगणात त्याच्या सायकलची निघालेली चेन बसवत बसले. तेव्हापासून मुलगा त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्याला काय सांगू? बाबांना आता तरी बोलतं करू का, फार वेळ उरलेला नाही हो. आणि खरं सांगायचं तर मला राग बाबांपेक्षा आईचाच जास्त येतो. हल्ली मीही रात्री उठून कडी बघते, मुलावर उगाच खेकसते. हे रक्तातून येतं का?

उत्तर: अगं, एकेरीच लिहिते हं, तुझ्यापेक्षा चांगली वीसेक वर्षांनी मोठी आहे मी. तुझं पत्र वाचत होते आणि 'बाबांना त्रास देऊ नको' पाशी आल्यावर ते बाजूला ठेवून उठावं लागलं, कारण हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. एकदा दोनदा नाही, दोन-तीन वर्षं, जवळजवळ रोज. माझा नवराही युद्धावरून परत आला होता, घरात सात वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. म्हणजे तू जिथे होतीस तिथे माझी मुलं होती आणि मी तुझ्या आईच्या जागी. तेव्हा हे उत्तर लांबून बघणाऱ्या बाईचं नाहीये, तसंच वाच.

पण आधी तुझ्या लेकाचं बघू. बाकीचं इतकी वर्षं थांबलंय, अजून महिनाभर थांबेल, त्याचं थांबणार नाही.

त्याच्या डोक्यात आत्ता सरळ हिशोब आहे, मी विचारलं, आजोबा उठून गेले, म्हणजे माझं काहीतरी चुकलं. मोठ्यांनी जे सांगितलं नाही ती जागा मुलं रिकामी ठेवत नाहीत गं, स्वतःच भरतात, आणि भरताना बहुतेक वेळा दोष स्वतःकडेच घेतात. बाबा लांब गेले कारण मी हट्ट केला होता, बाबा बोलत नाहीत कारण माझं अक्षर घाण आहे, असं काहीही. लहान वयात तर हे हमखास होतं. तूही तेव्हा असंच काहीतरी ठरवून टाकलं असशील, काय ते तुझं तुला माहीत. म्हणून त्याच्या कानावर पहिलं वाक्य हेच पडू दे की आजोबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. महिना झाला, आता कशाला उकरून काढायचं असं मनात आणू नको, तो त्या खोलीत जात नाहीये ना, म्हणजे तो विसरलेला नाही.

मग साधं सांग. म्हणजे असं, 'आजोबा खूप वर्षांपूर्वी युद्धात होते, तिथे त्यांनी फार भीतीदायक गोष्टी बघितल्या, त्यातलं काही आठवलं की त्यांच्या शरीराला वाटतं आपण परत तिथेच आहोत, मग त्यांना बाहेर मोकळ्या हवेत जावं लागतं. तुझा प्रश्न वाईट नव्हता. पण त्याचं उत्तर देणं आजोबांना फार जड जातं, म्हणून युद्धाबद्दल काहीही विचारावंसं वाटलं तर मला विचार, कधीही विचार.' शेवटचा भाग गाळू नको बरं का. तो गाळलास तर जे उरतं ते तुझ्या आईचंच वाक्य आहे, फक्त जरा सजवलेलं. तुझ्या आईच्या वाक्यात आणि यात फरक एवढाच आहे की मुलाला प्रश्न घेऊन जायला एक माणूस मिळतो.

तो म्हणेल, पण मारली का? खरंच माहीत नसेल तर मला माहीत नाही असंच सांग. आणि हेही सांग की युद्धात सैनिकांवर तशी वेळ येते आणि ज्यांच्यावर येते त्यातल्या कितीतरी जणांना ते पुढे आयुष्यभर जड जातं. त्याच्या प्रश्नातला 'किती' बघ ना. मुलांच्या गेममध्ये स्कोअर असतो, किती उडवले त्याचा आकडा वर कोपऱ्यात दिसत असतो, त्याने आजोबांना त्यांचा स्कोअर विचारला असेल, बहुतेक कौतुकानेच. आजोबांना ऐकू आलं ते वेगळंच. दोघांपैकी कोणाचीच चूक नाही, हे त्याला सांगता आलं तर सांग, नऊ वर्षांच्या मुलाला समजतं ते.

आता तुझ्या बाबांचं. पत्रावरून मी कोणाला आजार चिकटवणार नाही, तो माझा अधिकार नाही, आणि युद्धावरून आलेल्या बहुसंख्य माणसांना असा आजार होत नाही हेही तितकंच खरं आहे, परत आलेला प्रत्येक सैनिक आतून मोडलेलाच असतो हा समज त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. पण तू लिहिलेलं सगळं, कड्या, दाराकडे तोंड, पेन्सिलच्या आवाजाला वळणं, हे इतकं जुनं आणि इतकं नेहमीचं आहे की त्याला आजवर कितीतरी नावं देऊन झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८७१ साली दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीबद्दल लिहिलं, लोक त्याला सैनिकाचं हृदय म्हणायला लागले. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला, तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती की तोफगोळ्याच्या हादऱ्यानेच मेंदू हलतो, आणि मग गोळा जवळपासही फुटलेला नाही अशी माणसंही थरथरायला लागली तर त्यांना भित्री म्हणून हिणवलं गेलं. आज आपण ज्याला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार म्हणतो, ते निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० ला. डॉक्टरांच्या पुस्तकात आलं, घराघरात यायला आणखी खूप वर्षं गेली. तुझ्या आईकडे आणि माझ्याकडे हा शब्दच नव्हता गं. आमच्याकडे दोनच शब्द होते, 'तापट' आणि 'अबोल', आणि दोन्ही माणसाच्या स्वभावाला लावायचे असतात.

शरीराचं म्हणशील तर महिनोन् महिने ज्या सावधपणामुळे माणूस जिवंत राहतो तो सावधपणा घरी आल्यावर आपोआप उतरत नाही. तिथे आवाजाला पाव सेकंदात वळणं हा शहाणपणा असतो आणि घरी तेच वळणं म्हणजे पोरीचं गार पडणं. माझा नवरा लढणाऱ्या तुकडीत नव्हता, जखमींना आणणारी गाडी चालवायचा, त्यामुळे सगळे म्हणायचे याला काय झालं, याने तर बंदूकसुद्धा उचलली नाही. पण पावसाळ्यात ओल्या ताडपत्रीचा वास आला की त्याचा चेहरा पांढरा पडायचा आणि तो ट्रकचं स्टिअरिंग धरल्यासारखा स्वतःचे गुडघे धरून बसायचा. मागे ताडपत्रीखाली माणसं असायची आणि गाडी थांबवायची परवानगी नसायची, एवढं एकच त्याने मला सांगितलं, तेही आठ वर्षांनी.

तू एक वाक्य फार घाईने लिहून गेलीस, 'मारलं कधीच नाही'. म्हणजे तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही असं तुला वाटतं, बरोबर ना? व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या बापांचा आणि त्यांच्या मुलांशी असलेल्या नात्याचा एक अभ्यास २००२ मध्ये आला होता, त्यात दिसलं ते असं की नात्यावर सगळ्यात जास्त परिणाम दचकण्याचा किंवा वाईट स्वप्नांचा नव्हता, तो होता आतून बधिर होण्याचा. बाप समोर बसलाय पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही, चित्र दाखवलं तर 'छान' म्हणतो आणि बघत मात्र दुसरीकडेच असतो. मुलाला ओरडा कळतो, त्यावर रडता येतं. हे कळत नाही. त्यामुळे तुला झालेला त्रास खरा आहे, त्याला माराची साक्ष लागत नाही.

आणि 'जे गेले ते परत आलेच नाहीत' हे तर तू अगदी नेमकं लिहिलंस. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत, १९७० च्या दशकात त्यांनी व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. तिथे माणूस घरात नाही पण मनातून हलत नाही, मेला म्हणावं तर देह नाही. पुढे त्यांनी याचीच उलटी बाजूही मांडली, माणूस घरात आहे, त्याच्या चपला दारात आहेत, पण तो मनाने तिथे नाही. या दुसऱ्या प्रकारात कोणी भेटायला येत नाही, सांत्वन करत नाही, उलट अभिनंदन करतात. तू सहा-सात वर्षांची असताना घरी येऊन लोक अभिनंदन करत होते आणि तू आतल्या आत कोणासाठी तरी रडत होतीस, आणि हे दुःख आहे असंसुद्धा तुला कोणी सांगितलं नाही. आता मी सांगते. ते दुःखच होतं.

आता आईकडे येते. इथे मला वेळ लागणार आहे, वाचत राहा.

नवरा गेला तेव्हा पहिले दोन महिने मी नुसती भांबावले होते आणि मग हळूहळू सगळं शिकले. बिलं, बँक, मुलाची शाळा, छत गळायला लागलं तर कोणाला बोलवायचं. मुलगा रात्री माझ्या शेजारी त्याच्या बाबांच्या जागेवर झोपायला लागला. मुलगी तर बाबांना विसरलीच होती, मी तिला रोज रात्री भिंतीवरच्या फोटोपाशी न्यायचे आणि ती फोटोला पापा देऊन झोपायची. रूबेन हिल नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून १९४९ मध्ये लिहून ठेवलंय की माणूस जाणं हा जसा एक धक्का असतो तसा तो परत येणं हाही एक स्वतंत्र धक्का असतो, आणि ज्या घरांनी गेलेल्या माणसाची जागा फारच पक्की भरून टाकलेली असते त्यांना ती पुन्हा मोकळी करून देणं कठीण जातं. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! मला वाटलं होतं तो आला की सगळं जिथल्या तिथे जाईल. तो आला त्या रात्री मुलगी नेहमीसारखी फोटोपाशी गेली, फोटोला पापा दिला, आणि तो तिच्या मागे उभा होता. तो काही बोलला नाही. मीही काही बोलले नाही. खरं तर तिथेच खाली बसून दोघांना जवळ घ्यायला हवं होतं, पण मी दिवा बंद केला आणि म्हणाले चला झोपा.

त्यानंतर सुरू झालं ते वाक्य. मला मनापासून वाटायचं की मी दोघांनाही वाचवतेय, त्याला मुलांच्या गोंगाटापासून आणि मुलांना त्याच्या त्या चेहऱ्यापासून. आणि काही अंशी ते खरंही होतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघी तिथल्या हॅम्पस्टेडला मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या, त्यांनी नोंदवून ठेवलंय की आई शेजारी आणि शांत असली तर लहान मुलं बॉम्बहल्लासुद्धा बऱ्यापैकी सोसतात, पण आईपासून तोडलं की कोलमडतात. तुझी आई तशी तुझ्या शेजारी होती. घर चाललं, शाळा चालली, तू शिकलीस, हे सगळं तिने एकटीने ओढलंय, तेही एका अशा माणसाच्या सोबतीने जो तिलाही अनोळखी झाला होता. ती भिंत होती. पण भिंतीला तोंड नसतं, आणि तुला त्या वर्षांत कोणीतरी बोलणारं हवं होतं.

माझ्या मुलाचं सांगते. त्याच्या शाळेच्या बुटांना वेल्क्रोची पट्टी होती, ती काढताना चर्रर्र असा आवाज येतो. एक दिवस माझ्या लक्षात आलं की शाळेतून आल्या आल्या हा बाथरूममध्ये जातो, दार लावतो, नळ पूर्ण सोडतो आणि मग बऱ्याच वेळाने अनवाणी बाहेर येतो. पाणी वाया घालवतो म्हणून मी रागावले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी दाराला कान लावला तेव्हा कळलं, नळाच्या आवाजात तो बुटांच्या पट्ट्या काढत होता, एकेक करून, हळू. एकदा त्या आवाजाला त्याचे बाबा दचकून उठले होते. कोणी त्याला सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. मी फक्त म्हटलं होतं, बाबांना त्रास देऊ नको. बाकीचं त्याचं त्याने शोधून काढलं.

तो मुलगा अडतीस वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला एकदा विचारलं, आठवतं का तुला. तो म्हणाला, आठवतं ना, मला वाटायचं माझे बूट वाईट आहेत. सात वर्षांचा मुलगा आणि बूट वाईट आहेत! एका वाक्याने निस्तरलं असतं, 'बाबांना मोठ्या आवाजाची भीती वाटते, यात तुझा दोष नाही'. एवढंच. मला सुचलं नाही असं नाही, मला ते म्हणायचं नव्हतं, कारण ते म्हटलं की नवऱ्याला काहीतरी झालंय हे मलाच कबूल करावं लागलं असतं.

म्हणून तुझा आईवरचा राग मी काढून घेणार नाही. माझ्या मुलाचाही माझ्यावर होता, त्याने तो बोलून दाखवला आणि मी ऐकून घेतला, ते मला झेपलं. तुझी आई ऐकायला राहिली नाही, ही तुझी खरी अडचण आहे. माफ कर असंही सांगत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. एक कर, तिला एक पत्र लिही, कुठे पाठवायचं नाही, मनात आलेलं सगळं लिही, शिव्यासुद्धा. आणि मग एक प्रश्न स्वतःला विचार, त्या वर्षांत आईला कोणी विचारत होतं का की तू कशी आहेस? माझ्या आठवणीत मला एकानेही विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, ते कसे आहेत?

बाबांना बोलतं करू का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे, युद्धाबद्दल तरी नाही. मनातलं बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो हे ऐकायला बरं वाटतं पण त्याला मर्यादा आहेत. मोठ्या आघातानंतर लोकांना एका बैठकीत बसवून सगळं वदवून घ्यायची एक पद्धत मध्यंतरी खूप चालली, नंतर त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्याने पीटीएसडी टळतो असं काही दिसलं नाही, उलट काहींचं जास्त बिघडलं. उपचार चांगले आहेत, आघातावर नेमकं काम करणारी थेरपी असते, ईएमडीआर म्हणून डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी एक पद्धत आहे, त्यांनी खूप माणसांना खरंच फरक पडतो, पण ते शिकलेल्या माणसाने, माणसाच्या मर्जीने, हळूहळू करायचं काम आहे. ७१ हे त्यासाठी उशिराचं वय नाही. उलट नोकरी संपली, जोडीदार गेला, हाताला काम उरलं नाही की इतकी वर्षं दाबलेलं वर येतं असं बऱ्याच म्हाताऱ्या सैनिकांच्या बाबतीत दिसतं, आई गेल्यापासून बाबांची झोप, भूक, पिणं यात काही बदललंय का ते जरा आठवून बघ. बदललं असेल तर आधी नेहमीच्या डॉक्टरकडे ने, झोपेची तक्रार घेऊन गेलं तर तेही तयार होतील. आणि कधी 'आता कशाला जगायचं' या सुरात काही बोलले तर ऐकून सोडून देऊ नको, सरळ विचार की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

पण एक दार आहे, ते उघडून बघ. युद्धाबद्दल विचारू नको, परत आले त्या दिवसाबद्दल विचार. बाबा, तुम्ही आलात तेव्हा मी काय केलं होतं? मी ओळखलं का तुम्हाला? आई काय म्हणाली? या प्रश्नांची उत्तरं घरात घडलेली आहेत, तिथे त्यांना जायला भीती कमी वाटेल, आणि ती उत्तरं देणारा आता तोच एक माणूस उरलाय. समोरासमोर बसून विचारू नको, काहीतरी हातात असताना विचार, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीतून जाताना. उत्तर नाही आलं तर पुन्हा लगेच विचारू नको, आठ-दहा दिवस जाऊ दे. आणि तुझी बाजूही सांग त्यांना, विचारायच्या आधी सांगितलीस तर जास्त बरं. 'पेन्सिल पडली की मला खूप भीती वाटायची बाबा' एवढं म्हण. आरोप म्हणून नको, माहिती म्हणून. कदाचित त्यांना हे माहीतच नसेल. माझ्या नवऱ्याला बुटांचं माहीत नव्हतं, मुलाने स्वतः सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मला वाटायचं मी घरात कोणाला दिसतच नाही.

रक्तातून येतं का याचं उत्तर देते आणि थांबते. २०१५ मध्ये नाझींनी केलेल्या ज्यूसंहारातून वाचलेल्यांच्या मुलांवरचा एक अभ्यास गाजला होता, आईबापांच्या आघाताच्या खुणा मुलांच्या जनुकांवर दिसतात अशा बातम्या झाल्या, पण तो अगदी थोड्या लोकांवर केलेला होता आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यावर बरेच आक्षेप घेतलेत. त्यावरून तुझ्या आयुष्याचा निकाल लावू नको. तुझ्यापुरतं सोपं कारण समोर आहे, तू सहाव्या वर्षापासून घरातल्या आवाजांवर लक्ष ठेवायला शिकलीस, कड्या तपासणारी पावलं ऐकत झोपलीस, आणि ती पावलं पुन्हा तुझ्याच घरात राहायला आलीयेत. जे शिकलं जातं ते बऱ्याच अंशी सोडताही येतं, त्यासाठी तू स्वतः एखाद्या काउन्सेलरला भेट, बाबांना नेता येईल तेव्हा नेशील, तू त्यांच्यासाठी थांबू नको. आणि रात्री उठतेस ते लेकाला कळत नसेल असं समजू नको हं. त्याला सांग, आईला अधूनमधून कडी बघावीशी वाटते, ती आईची सवय आहे, घराला काही धोका नाही, तू झोप. खेकसलीस तर त्याच दिवशी सांग की माझं चुकलं, तुझं नव्हतं.

आणि ती सायकलची चेन. तू ती एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मला मात्र पूर्ण पत्रात तीच दिसतेय. दोन तास कुठे तरी फिरून आलेला माणूस, बोलता येत नाहीये, आणि तो येऊन बरोबर त्याच पोराची सायकल शोधतो ज्याने तो प्रश्न विचारला होता. चेन बसवायला हात काळे होतात, दाते एकेक करून जुळवावे लागतात, पेडल मागे फिरवून बघावं लागतं, राग आलेला माणूस हे करत नाही. तुझ्या लेकाने ते बघितलं असेल पण त्याला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. आज रात्री सांगायला बसशील तेव्हा त्या पहिल्या वाक्यापाठोपाठ हेही विचार, 'तुझी चेन कोणी बसवली माहितेय ना?' आणि उद्या सायकलचं काहीही, हवा म्हण, ब्रेक म्हण, घेऊन त्याला आजोबांकडे पाठव. तूही दारापर्यंत जा त्याच्याबरोबर.